न फिरलेला टायर

मामांचा धंदा एकेकाळी ट्रकचा होता. ट्रक गेले, एक जुनी जीप आणि घरची कार उरली, पण सवय ट्रकवाल्याचीच राहिली. टायर स्वस्तात दिसला की घेऊन ठेवायचा. सोलापुरातल्या त्यांच्या जुन्या घरामागं पत्र्याची शेड आहे. तिथं कारचे चार कोरे टायर, जीपचे दोन आणि ट्रकच्या काळातले काही असे एकावर एक चढवून ठेवलेले आहेत. भाची पुण्याजवळच्या एका कारखान्यात रबराच्या प्रयोगशाळेत काम करते. ती सुट्टीला आली की या शेडवरून दोघांचं वाजतंच. हा वाद ऐकण्यासारखा असतो, कारण दोघांपैकी कुणीच ऐकीव बोलत नाही. एकानं आयुष्यभर टायर पळवले, दुसरी रोज टायर कापून बघते. माझा कल कुणाकडे आहे ते लपवायचं काही कारण नाही, वाचताना दिसेलच.

मामा : हे बघ, लेबलसुद्धा निघालेलं नाही. यांनी रस्ता बघितलेला नाही अजून. खराब होतीलच कशानं?

भाची : झिजले नाहीत हे कबूल. पण टायर झिजतो तसा म्हाताराही होतो, आणि त्यासाठी रस्त्यावर यावं लागत नाही. घेतले कधी?

मामा : २०२१ च्या दसऱ्याला. स्कीम होती.

भाची : एक उलटा करा बरं. तो लंबगोल दिसतोय ना, त्यातले चार आकडे वाचा.

मामा : तीन, एक, एक, आठ.

भाची : म्हणजे २०१८ सालचा ३१ वा आठवडा. तुमच्या हातात आला तेव्हाच तीन वर्षांचा होता. स्कीम कशाची होती ते कळलं?

मामा काही बोलले नाहीत. हे चार आकडे मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचता यायला हवेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २००० सालापासून ही पद्धत आहे. त्याआधी तीनच आकडे असत आणि दशक कोणतं ते ओळखत बसावं लागे. बऱ्याच टायरांवर ही तारीख एकाच बाजूला असते आणि फिटरनं टायर चढवताना ती बाजू आत गेली, तर बॅटरी घेऊन गाडीखाली आडवं व्हावं लागतं. एवढी महत्त्वाची गोष्ट इतक्या अडचणीच्या जागी का छापतात, हे मला आजवर पटलेलं नाही.

मामा : बरं, सात वर्षं झाली. तांदूळ जुना झाला की आपण जादा पैसे देऊन घेतो. रबराला काय होतंय?

भाची : कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं नि थंडीत ताठ. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये त्यात गंधक घालून ते तापवलं, तेव्हा रबराच्या लांब साखळ्या गंधकानं एकमेकींना बांधल्या गेल्या आणि रबर ताणून परत जागेवर यायला लागलं. कारखान्यात हे बांधण्याचं काम साच्यामध्ये काही मिनिटांत उरकतं. पण उष्णता मिळत राहिली की ते हळूहळू पुढं चालूच राहतं. वर हवेतला ऑक्सिजन रबरात शिरून आणखी गाठी मारतो, काही साखळ्या तोडतो. रबर कडक होतं, त्याची लवचीकता जाते. तुमच्या या टायरची नक्षी कोरी आहे, पण आतलं रबर २०१८ चं राहिलेलं नाही.

मामा : दिसत तर काही नाही.

भाची : हाच तर त्रास आहे. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. रबर कडक झालं की या पट्ट्यांच्या कडेला ते सुटायला लागतं. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो आणि ताशी शंभरच्या वेगात, भर उन्हात, अख्खी नक्षीच पट्ट्यासकट उचकटून येते.

मामा : जीपचे हे टायर नायलॉनचे आहेत. यात कुठले आलेत पोलादी पट्टे? आमच्या ट्रकला वर्षानुवर्षं नायलॉनच होते. रबर चढवून, परत चढवून चालवले. तुमचं हे रेडियलचं भय तुमच्याजवळच ठेवा.

इथं मामांची बाजू खरी आहे आणि भाचीनंही ती मान्य केली. नायलॉनच्या आडव्या-तिरप्या थरांच्या टायरमध्ये पट्टा सुटण्याचा तो प्रकार नसतो, आणि शेतावर वीस-तीसच्या वेगानं जाणाऱ्या जीपला तेवढी उष्णताही सोसावी लागत नाही. पण रबर तेही रबरच. भाचीनं जीपचा एक टायर उभा केला, दोन्ही हातांनी त्याची बाजू बाहेरच्या अंगाला वाकवली आणि वाकलेल्या जागी बोट ठेवलं. सरळ असताना ती जागा गुळगुळीत दिसत होती. वाकवल्यावर तिथं केसाएवढ्या बारीक चिरा उघडल्या. सगळ्या एकाच दिशेनं, ताणाच्या काटकोनात. हात सोडला की मिटायच्या, वाकवलं की परत उघडायच्या.

मामा : हे ऊन लागल्यानं झालं असेल.

भाची : उन्हाचा दोष आहे, पण थोडा. टायर काळा असतो तो काजळीमुळं, आणि ती काजळी सूर्यकिरण वरच्या वरच अडवते. ह्या चिरा ओझोनच्या आहेत. ओझोन ताणलेल्या रबरावर तुटून पडतो, सैल रबराला फारसं काही करत नाही. तुमचा हा टायर खालच्या थरात दबून वाकडा झाला होता, म्हणजे कायम ताणलेला. आणि ओझोन कुठून येतो ते विचारा.

मामा : कुठून?

भाची : वेल्डिंगची ठिणगी पडते तिथून. तुमचा तो ग्राइंडर चालला की आतल्या कार्बनच्या ब्रशवर ठिणग्या उडतात आणि झणझणीत वास येतो, त्यात तो असतो. वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर तुम्ही टायरांना खेटून ठेवलेत. वर बॅटरी चार्ज करायलाही इथंच लावता.

मामा : मग रबरात काही औषध घालत नाहीत का तुम्ही? एवढे शिकलेले लोक!

भाची : घालतो. एक ओझोन खाणारं रसायन आणि जोडीला मेण. टायर रस्त्यावर फिरला की दाबला जातो, तापतो आणि हे दोन्ही आतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. त्याचीच तपकिरी छटा टायरच्या बाजूवर दिसते. लोक तिला मळ समजून घासून काढतात. उभ्या गाडीच्या टायरला ही हालचाल मिळत नाही, म्हणून न फिरलेला टायर कधी कधी फिरलेल्यापेक्षा लवकर तडकतो.

मामा : मी घासत नाही. मी जळकं ऑइल लावून पुसतो. चमक बघ!

भाची : मामा! घासलेलं परवडलं. ऑइल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि ते मेणही धुऊन निघतं. डिझेलचंही तेच. दुकानातलं चमकदार पॉलिशसुद्धा साठवणीच्या टायरला नको. साबणाचं पाणी घ्या, चांगला वाळवा, बस्स.

माझ्या मते या वादाचा खरा कणा उष्णता आहे. रसायनाचा एक ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात. सोलापूरचा मे महिना त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं २००८ मध्ये एका विमा कंपनीचे आकडे पुढं ठेवले होते. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सस, लुइझियाना आणि फ्लोरिडा या पाच उष्ण राज्यांत त्या कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथून आले होते. त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. आपल्याकडचे असे आकडे माझ्या हाती नाहीत, पण सोलापूरचं ऊनही काही सौम्य नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. टायर फुटून अपघात व्हायला लागले तशी आरटीओची पथकं तिथं गाड्यांचे टायर तपासायला उभी राहिली, ती उगाच नाही.

मामा : हे सगळं ठीक. पण औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, टायरवर का नाही छापत? मला विचारशील तर कंपन्यांना माल खपवायचा आहे. एक म्हणतो पाच वर्षं, दुसरा सहा, तिसरा दहा.

भाची : आकडे वेगवेगळे आहेत, खरं आहे. मिशेलिन म्हणते, वापरायला काढल्यापासून पाच वर्षांनी दरवर्षी तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनी काढाच, दिसायला चांगला असला तरी आणि स्टेपनी असली तरी. काही मोटार कंपन्या सहा वर्षांवर थांबतात. एक मुदत छापता येत नाही, कारण एकाच आठवड्यात बनलेले दोन टायर, एक शिमल्यात ठेवला आणि एक तुमच्या पत्र्याखाली, तर पाच वर्षांनी ते एका वयाचे राहत नाहीत.

मामा : म्हणजे दहापर्यंत माझं चालतंय.

भाची : नीट ठेवले तर. तुम्ही ठेवलेत तसे नाही. आणि दहा हा आकडा कुठल्या कंपनीनं माल खपवायला काढलेला नाही. इंग्लंडमध्ये २०१२ च्या सप्टेंबरात एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुण मुलांची बस सरेमधल्या हिंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली. पुढचा टायर फुटला होता. तिघं गेले. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा निघाला, खुद्द बसपेक्षा जुना. आणि तेव्हाच्या कायद्यानं त्यात गैर काहीच नव्हतं. ज्या आईचा मुलगा त्यात गेला, तिनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथं बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर चालत नाही.

मामा : एकोणीस वर्षं म्हणजे अतिच झालं.

भाची : तुमच्या त्या कोपऱ्यातला ट्रकचा टायर किती सालचा आहे? वाचू?

मामा : नको वाचू.

आपल्याकडे नियम पाहतो तो मुख्यतः नक्षीची खोली : कारला १.६ मिलिमीटर. ती पट्टीनं मोजता येते, म्हणून पोलिसाला सोपी आणि मालकालाही. वयाकडे त्यामुळं कुणाचं लक्ष जात नाही. घासून टक्कल पडलेला टायर लगेच लक्षात येतो. कोरा पण म्हातारा झालेला टायर मात्र कौतुकानं जपला जातो.

मामा : बरं, समज मला ठेवायचेच आहेत. कुठं ठेवू? माळ्यावर?

भाची : माळा सगळ्यात वाईट. छताखाली, सगळा ताप तिथंच. अंधारी, थंड, कोरडी जागा पाहिजे. पंचवीस अंशांच्या आत असेल तर उत्तम.

मामा : सोलापुरात पंचवीस अंश! शीतकपाटात ठेवू का? (थोडं थांबून) पण आपलं माळवद आहे की. वाड्याची मागची खोली. भिंती हातभर जाड मातीच्या, वर धाबं. मे महिन्यात दुपारी तिथं पंख्याशिवाय झोप लागते.

भाची : हे मला सुचलंच नव्हतं. शेडपेक्षा ती खोली कितीतरी बरी.

मामांचा हा विजय मी खुल्या मनानं नोंदवतो. परदेशी सूचनापत्रकांत तळघर लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडे तळघर नाही, त्यांनी आपल्या घरातली सगळ्यात थंड खोली शोधायची, एवढाच त्याचा अर्थ. सोलापूर-मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ती खोली असते. बहुतेक घरांत तिथं अडगळ असते आणि टायर मात्र गच्चीवर असतो.

मामा : ठेवायचे कसे? रचून?

भाची : रिमवर चढवलेले असतील तर आडवे रचले किंवा हुकाला टांगले तरी चालतं, कारण वजन रिम पेलते. नुसता टायर असेल तर उभा ठेवायचा आणि अधूनमधून थोडा फिरवायचा, म्हणजे एकाच जागी चपटा बसत नाही. खुंटीला टांगायचा नाही. तारेची कडा तिथं ताणली जाते, आणि ताणलेल्या जागी ओझोन काय करतो ते मघाशी दाखवलं. नुसते टायर उंच रचले की खालचा दबून वाकतो, तेही तेच. खाली फळी टाका. धुऊन, आतून-बाहेरून पूर्ण वाळवून, काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला, हवा काढा आणि तोंड घट्ट चिकटवा. गाडीवरून काढलेले असतील तर आधी खडूनं लिहा : पुढचा डावा, मागचा उजवा.

मामा : घरातला व्हॅक्यूम लावून हवा काढली तर?

भाची : उत्तम. पण आत पाणी राहिलं असेल तर तेही आतच कोंडलं जाईल. कुठं चीर असली तर पाणी तारांपर्यंत पोचतं आणि गंज धरतो. आणि बाहेर उघड्यावर ठेवलेल्या टायरचं तर विचारूच नका.

उघड्यावरच्या टायरची गोष्ट गाडीपेक्षा माणसांच्या जिवाशी जास्त जोडलेली आहे. टायर कसाही ठेवा, पावसाचं पाणी त्याच्या पोटात साचतंच, आणि ते उपसायलाही अवघड. डेंग्यूचा एडिस डास असलंच साठलेलं, सावलीतलं पाणी शोधतो. अंडी पाण्याच्या काठाला चिकटवतो, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये आशियाई टायगर डास सापडला, तो जपानहून आलेल्या जुन्या टायरांतून गेल्याचं मानलं जातं. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी गच्च्यांवरून, झोपड्यांच्या पत्र्यांवरून टायर उचलते ते यासाठीच. पत्रा उडू नये म्हणून टायर ठेवणाऱ्याला दुसरं काही वजन सुचवायला हवं, नुसतं उचलून भागत नाही. पण तो वेगळा लेख होईल.

मामा : आणि गाडीतली स्टेपनी? ती तर डिकीत अंधारात असते.

भाची : अंधारात, पण मे महिन्यात डिकी म्हणजे भट्टी. शिवाय ती भरलेली असते. बत्तीस पीएसआय हवा भरली म्हणजे आत बाहेरच्या तिपटीहून जास्त दाब, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच दाबून भरलेला. तो आतून रबरात शिरतो. अमेरिकेत फिनिक्समधल्या गाड्यांचे टायर तपासले, तेव्हा न वापरलेल्या पूर्ण आकाराच्या स्टेपन्याही म्हाताऱ्या झालेल्या आढळल्या.

मामा : मग हवा काढून ठेवू?

भाची : आणि रात्री पंक्चर झालं तर? स्टेपनीत पूर्ण हवा पाहिजेच, उलट महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होत राहते म्हणून बघत राहिलं पाहिजे. स्टेपनी बाकीच्या चारांसारखीच असेल, तर तिला फेरीत घ्या. टायर आलटून-पालटून बदलता तेव्हा पाचवाही फिरवा. रस्त्यावर राहिला की मेण वर येतं आणि पाचही एकदमच झिजून जातात. टायर ठेवायला गाडीखालच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

मामा : आता तर नव्या गाड्यांना स्टेपनीच नसते म्हणे.

भाची : ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दिलं की लहान गाडीला स्टेपनी नसली तरी चालते, असा बदल २०२० मध्ये झाला. बऱ्याच गाड्यांत असते ती बारकी, ताशी ८० च्या वर न्यायची नाही अशी. तिला फेरीत घेता येत नाही. तिच्यावर फक्त तारीख वाचायची.

मामा : ऐक, मी आडमुठेपणा करत नाही. माझ्या जीपच्या मापाचा टायर आता हाक मारली की मिळत नाही. मिळाला तर घेऊन ठेवायला नको? आणि माणूस टायर फेकत नाही गं. ट्रकच्या टायरला रबर चढतं. ते चढायचं थांबलं की ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाडीला लागतो. तिथून निघाला की चपला. साखर कारखान्याच्या रस्त्यावर जाऊन बघ, किती जुन्या टायरवर किती टन ऊस चाललाय.

भाची : बैलाच्या चालीनं चाललाय. तिथं मला काही म्हणायचं नाही. जीपचेही ठेवा, शेताच्या वाटेपुरते. माझं म्हणणं कारच्या या चार टायरांपुरतं आहे. हे पुण्याला हायवेवरून जाणार आहेत, आत माणसं बसवून.

मामा : मग काय, टाकून देऊ कोरे टायर?

भाची : आत्ताच चढवा. गाडीवरचे अर्धे झिजलेले आहेत, ते काढा. आधी हे चार फिटरकडून आतून तपासून घ्या. वाकवून बघा, चिरा नसतील तर वापरा, तेही २०२८ पर्यंतच. अजून ठेवाल तर पैसे आणि टायर दोन्ही जातील.

हा तोडगा मला पूर्ण पटलेला नाही. सात वर्षं पत्र्याखाली भाजलेला टायर मी माझ्या गाडीला चढवला नसता, फिटरनं कितीही आतून बघितला तरी, कारण पट्ट्याच्या कडेला सुटलेलं रबर बोटाला लागेलच असं नाही. भाचीला ते माहीत आहे. पण मामांचा पैसा आणि मान दोन्ही राखायचे होते, आणि घरातल्या वादात तज्ज्ञही तेवढी तडजोड करतात. मी तिथं हे बोलून दाखवलं. भाची म्हणाली, मग पुण्याला न्यायच्या आधी आणखी एकदा विचार करू. मामांनी माझ्याकडे बघितलं ते काही प्रेमानं नव्हे.

मामा : एक सांग. नवे घ्यायचे झाले तर दुकानातला माल ताजा कशावरून? आपल्या चौकातल्या दुकानात टायर सकाळपासून फूटपाथवर उन्हात रचलेले असतात, नुसते, एकावर एक. मी केलं ते चूक आणि त्यानं केलं तर?

भाची : तेही चूकच. म्हणून दुकानात पहिलं काय मागायचं, तर भाव नाही, तारीख. चारही टायरांचे आकडे चढवायच्या आधी बघायचे. सहा महिन्यांच्या आतले असतील तर छान. वर्षावरचे असतील तर भाव कमी करायला सांगायचं किंवा दुसरे आणायला लावायचं. आणि तारखेची बाजू बाहेर ठेवून बसवा म्हणायचं. नक्षीला ठरलेली दिशा नसेल तर ते जमतं.

मामा : मग उद्या तू चल दुकानात. आकडे तू वाच. भाव मात्र मी करणार, तू मधे बोलायचं नाहीस.